एक पिक्सेल, एक गुंठा

मंडळी, एक निरीक्षण. आयटीतल्या चार लोकांना रॉकेटवर बोलतं करायला फार कष्ट पडत नाहीत. चहाचा कप हातात आला की विषय आपोआप निघतो. स्कायरूटचं विक्रम-एस (१८ नोव्हेंबर २०२२), अग्निकुलचं श्रीहरिकोट्याहून उडालेलं थ्रीडी प्रिंटेड इंजिन (३० मे २०२४), शुभांशु शुक्लांची २०२५ च्या जूनमधली अ‍ॅक्सियम-४ ची सफर आणि अर्थातच मस्कसाहेब. मग कुणीतरी "आपल्याकडे कधी होणार हे सगळं" म्हणतो, दुसरा "होतंय की" म्हणतो आणि सगळे आपापल्या खुर्चीकडे जातात.

माझं गाव अहमदपूर तालुक्यात. म्हणजे जिल्हा लातूर, पण मोठ्या खरेदीला आणि दवाखान्याला अर्धा ओढा नांदेडकडे. गावाकडे गेलो की रॉकेटचं कुणी विचारत नाही. तिथे एकच प्रश्न असतो, "खात्यावर विमा पडला का?" आता गंमत बघा. चहाच्या टेबलावरचा आणि पारावरचा, हे दोन्ही विषय गेल्या काही वर्षांत एकच झालेत. पण टेबलवाल्यांना ते माहीत नाही आणि पारावरच्यांना कुणी सांगितलेलं नाही.

थोडं मागे जातो. २०२० च्या जूनमध्ये केंद्र सरकारने अंतराळाचं क्षेत्र खाजगी कंपन्यांना उघडायचं ठरवलं. परवाने द्यायला इन-स्पेस नावाची संस्था आली. एप्रिल २०२३ मध्ये भारतीय अंतराळ धोरण जाहीर झालं आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये परदेशी गुंतवणुकीची दारं मोठी केली गेली. उपग्रह बनवायला ७४ टक्क्यांपर्यंत, रॉकेटला ४९ टक्क्यांपर्यंत आणि सुट्या भागांना पूर्ण १०० टक्के, सरकारची वेगळी परवानगी न घेता. मी या सगळ्याच्या बाजूचा आहे, हे आधीच सांगून टाकतो. "इस्रोच बरी होती, कशाला खाजगी पाहिजे" वगैरे हळहळ मला जमत नाही. एकाच संस्थेने संशोधनही करायचं, कारखानाही चालवायचा आणि नियमही तीच ठरवणार, हे किती दिवस चाललं असतं?

पण या धोरणावर पेपरात जे काही छापून येतं ते निम्म्याहून जास्त रॉकेटवर असतं. आमच्या भागाशी त्याचा जो संबंध आहे तो रॉकेटच्या टोकाला बसून वर गेलेल्या कॅमेऱ्याशी आहे. त्या कॅमेऱ्याने काढलेला फोटो कोणाचा? तो वाचणार कोण? आणि वाचून जो आकडा काढला, तो चुकला असं वाटलं तर भांडायचं कुठे?

प्रधानमंत्री पीक विमा योजनेत भरपाई कशी ठरते ते आधी बघू. किचकट आहे, पण दोन मिनिटं द्या. महसूल मंडळ हा घटक धरतात. त्या मंडळाचं मागच्या सात वर्षांतल्या सर्वोत्तम पाच वर्षांचं सरासरी उत्पादन घ्यायचं, त्याला जोखीमस्तराने, म्हणजे आपल्याकडे ७० टक्क्यांनी गुणायचं. जे येईल ते 'उंबरठा उत्पादन'. (सरकारी मराठीत क्वचित इतका चांगला शब्द सापडतो.) यंदाचं उत्पादन त्या उंबरठ्याच्या खाली गेलं तर जितके टक्के खाली, तितके टक्के विमा रकमेचे मिळणार. यंदाचं उत्पादन काढायला पीक कापणी प्रयोग असतात. नेमून दिलेल्या शेतात ठरावीक मापाचा तुकडा आखून कापायचा, मळायचा, वजन करायचं.

या कापणी प्रयोगांबद्दल दोन्ही बाजूंची तक्रार जुनी आहे. कंपनी म्हणते गावाच्या दबावाने उत्पादन कमी दाखवतात, गाव म्हणतं कंपनीचा माणूस चांगला तुकडा बघून दोर लावतो. मग २०२३ पासून नवीन गोष्ट आली. उपग्रहावरून काढलेल्या उत्पादनाच्या अंदाजाला किमान ३० टक्के भारांकन. महाराष्ट्रात त्या वर्षाच्या योजनेत सोयाबीनही यात धरलं गेलं. म्हणजे अंतिम आकड्यात ७० टक्के विळ्याचा वाटा आणि ३० टक्के उपग्रहाचा.

३० टक्के ऐकायला किरकोळ वाटतं, म्हणून एक हिशेब करू. आकडे माझ्या मनाचे, गोल गोल. उंबरठा उत्पादन हेक्टरी १० क्विंटल. कापणी प्रयोगात भरलं ६. विमा रक्कम हेक्टरी ५० हजार. नुसत्या कापणीवर गेलो तर तूट ४० टक्के, भरपाई २० हजार. आता उपग्रहाचं मॉडेल म्हणालं की छे, पीक चांगलं आहे, १० क्विंटल. मग ६ चे ७० टक्के ४.२ आणि १० चे ३० टक्के ३, मिळून ७.२. तूट २८ टक्क्यांवर आली, भरपाई १४ हजार. तीन एकरवाल्याचे सात हजारांच्या वर गेले. उलटही होऊ शकतं बरं का, उपग्रह कमी दाखवेल आणि शेतकऱ्याचा फायदा होईल. मुद्दा फायद्या-तोट्याचा नाहीच. मुद्दा असा, की विळ्याने कापलेला तुकडा गावातल्या दहा लोकांनी बघितलेला असतो. तो १० चा आकडा कुणीच बघितलेला नसतो.

बरं, हा फोटो बघणं अवघड आहे का? अजिबात नाही. युरोपच्या सेंटिनेल-२ उपग्रहांची चित्रं इंटरनेटवर फुकट आहेत, कुणीही बघावीत. दर पाच दिवसांनी सकाळी साडेदहाच्या सुमारास ते आपल्या डोक्यावरून जातात. त्यांचा एक पिक्सेल जमिनीवर १० मीटर बाय १० मीटर, म्हणजे १०० चौरस मीटर. आणि एक गुंठा म्हणजे १०१ चौरस मीटर! हे पहिल्यांदा लक्षात आलं तेव्हा मी खुर्चीत ताठ बसलो. एक पिक्सेल, एक गुंठा. ब्रसेल्समध्ये बसून कुणी ते आपल्या भूमापनाशी जुळवलं नसणार, पण जुळलंय खरं. एकर म्हणजे चाळीस पिक्सेल. बांधावरचे अर्धवट पिक्सेल सोडले तरी आपलं वावर ओळखू येतं.

दिवाळीत गावी गेलो होतो तेव्हा काकांना लॅपटॉपवर आमचं वावर दाखवलं. त्यांना वाटलं होतं गूगल मॅपसारखं काहीतरी असेल. मी जून ते ऑक्टोबर एकेक तारखेचं चित्र पुढे सरकवत गेलो. पेरणीआधीचं काळं रान, मग फिकट हिरवं, मग गडद, मग पिवळं. मध्ये ढगांची पांढरी चित्रं. काकांनी एका कोपऱ्यावर बोट ठेवलं.

"हितं फिकट काऊन हाय?"

"तिथं पीक बारीक आहे, असं दिसतंय."

"बारीक नाही. तिथं पाणी थांबतंय, दरसाल. आन् ही वरची पट्टी हिरवीगार दिसायलीय ना, तिला शेंगाच नव्हत्या बघ. नुसता पाला."

बारावी नापास माणसाने दोन मिनिटांत रिमोट सेन्सिंगची सर्वात मोठी अडचण सांगून टाकली. उपग्रह शेंगा मोजत नाही. तो हिरवेपणा मोजतो. पानांतून परतणारा लाल आणि अवरक्त प्रकाश यांच्या फरकावरून एक निर्देशांक काढतात आणि हंगामभराच्या निर्देशांकांवरून, पावसाच्या नोंदींवरून, जमिनीच्या प्रकारावरून मॉडेल उत्पादनाचा अंदाज बांधतं. पीक दाट झालं की हा निर्देशांक एका पातळीला जाऊन थांबतो, पुढे कितीही पाला वाढला तरी फारसा हलत नाही. फुलं लागायच्या वेळी पावसाने ताण दिला, फुलगळ झाली आणि नंतर पाऊस पडून झाड पुन्हा हिरवं झालं, तर वरून सगळं छान दिसतं. २०२३ चा ऑगस्ट आठवा. देशात १९०१ पासूनचा सगळ्यात कोरडा ऑगस्ट, आणि आमच्याकडे नेमकं सोयाबीन फुलात.

दुसरं टोक म्हणजे काढणी. सोयाबीन कापून बनीम लावली आणि त्यावर परतीचा पाऊस आला, तर शेतकऱ्याचं सगळं गेलं. उपग्रहाला काय दिसतं? कापलेलं रान. ते तर व्यवस्थित कापणी झाल्यावरही तसंच दिसतं.

आणि ढग. खरिपाचं पीक म्हणजे पावसाळ्याचं पीक, हे सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या कॅमेऱ्याचं दुखणं. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ आणि आसपासच्या गावांत रात्रीतून पाणी शिरलं, पुढे सप्टेंबरात लातूर, नांदेड, धाराशिव, बीड सगळीकडेच रानं पाण्याखाली गेली. अशा दिवसांत साध्या कॅमेऱ्याला वरून नुसता कापूस दिसतो. तिथे रडार लागतं. रडारच्या लहरी ढगातून आरपार जातात, रात्रीही चालतात. इस्रो आणि नासाचा निसार उपग्रह ३० जुलै २०२५ ला श्रीहरिकोट्याहून गेला तो यासाठीच मोलाचा. दर बारा दिवसांनी तीच जमीन, आणि डेटा सगळ्यांना खुला ठेवायचा असं ठरवूनच बांधलेला. त्याच्याच दोन महिने आधी, १८ मे २०२५ ला, पीएसएलव्ही-सी६१ च्या तिसऱ्या टप्प्यात बिघाड होऊन ईओएस-०९ हा आपला रडार उपग्रह गेला. टीव्हीवर त्या दिवशी इस्रोच्या प्रतिमेला किती धक्का बसला यावर चर्चा चालली होती. पावसाळ्यात जमीन बघणारा एक डोळा कमी झाला, असं काही कुणी म्हणाल्याचं मी तरी ऐकलं नाही.

असो. आता खाजगी कंपन्यांकडे येतो, कारण माझं खरं म्हणणं तिथे आहे.

ऑगस्ट २०२५ मध्ये इन-स्पेसने एक मोठं काम दिलं. पिक्सेल, ध्रुव स्पेस, पियरसाइट आणि सॅटशुअर या चार कंपन्यांच्या गटाने पाच वर्षांत बारा उपग्रहांचा ताफा उभारायचा. खर्च १,२०० कोटींच्या वर. सरकार ३५० कोटींपर्यंत मदत द्यायला तयार होतं, पण या गटाने ती शून्य मागितली. सगळे पैसे आम्ही घालू, उपग्रह आमचे, डेटा आम्ही विकू. चहाच्या टेबलावर याला टाळ्या पडल्या आणि पडायलाच पाहिजेत. आपल्याच वयाच्या पोरांनी उभ्या केलेल्या कंपन्या आहेत या.

पण स्वतःचे १,२०० कोटी घालणारा माणूस ते वसूल करणार, हे सांगायला एमबीए लागत नाही. त्यात गैरही काही नाही. प्रश्न एवढाच, की कोणाकडून आणि कोणत्या अटींवर. गिऱ्हाईक असणार सरकार, बँका, विमा कंपन्या. अहमदपूरचा तीन एकरवाला या व्यवहारात गिऱ्हाईक नाही. तो फोटोत आहे.

अमेरिकेने हा प्रयोग आपल्या कितीतरी आधी केलाय. त्यांच्या लँडसॅट उपग्रहांचा कारभार १९८४ च्या कायद्याने खाजगीकडे द्यायचं ठरलं, ईओसॅट नावाची कंपनी आली आणि एका चित्राची किंमत चार हजार डॉलरच्या वर गेली. विद्यापीठांनी, लहान संस्थांनी वापरणं सोडलं. १९९२ मध्ये नवा कायदा करून सगळं परत सरकारकडे आणलं. पुढे चित्र ६०० डॉलरला मिळायला लागलं तरी विक्री चांगल्या वर्षातही पंचवीस हजारांच्या आसपास. २००८ मध्ये ती फुकट करायचा निर्णय झाला आणि वर्षभरातच डाउनलोडचा आकडा दहा लाखांवर गेला. तोच उपग्रह, तीच चित्रं, फक्त दाराचं कुलूप काढलं.

आपल्या २०२३ च्या धोरणात हे शहाणपण अर्धं आलेलं आहे. सरकारी उपग्रहांची पाच मीटर आणि त्याहून जाड चित्रं खुली आणि मोफत, त्याहून बारीक असतील तर सरकारी खात्यांना फुकट आणि बाकीच्यांना वाजवी किमतीत. त्यामुळे रिसोर्ससॅटच्या ५.८ मीटरच्या कॅमेऱ्याची चित्रं खुल्यात बसतात, ही चांगली गोष्ट. पण त्याच उपग्रहाचा जो रोजच्या कामाचा लिस-३ कॅमेरा आहे, त्याचा पिक्सेल साडेतेवीस मीटरचा, एकराला जेमतेम सात. आणि तो तीच जागा बघतो २४ दिवसांनी. सोयाबीन शंभर दिवसांचं, म्हणजे हंगामात चार फोटो. त्यातले दोन ढगात गेले की संपलं. म्हणून आज जो कुणी हौशी माणूस मराठवाड्यातलं वावर बघतो, तो युरोपियन करदात्यांच्या पैशावर बघतो. लातूरच्या सोयाबीनचं सर्वात चांगलं खुलं चित्र युरोप देतो. मला हे थोडं लागतं.

आता एक गोष्ट सॉफ्टवेअरवाला म्हणून सांगतो. आपल्यापैकी ज्यांनी मशीन लर्निंगच्या प्रोजेक्टवर काम केलंय त्यांना माहीत आहे की मॉडेल ही स्वस्त गोष्ट आहे. महाग असतो तो लेबल लावलेला डेटा. इथे सोयाबीन आहे, इथे तूर आहे, इथे हायब्रिड आहे हे जमिनीवर जाऊन कुणीतरी सांगावं लागतं. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणी सुरू आहे. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून, मोबाईलवर, गट नंबरासकट पिकाचा फोटो चढवतो. रेंज नसली तर परत दुसऱ्या दिवशी जातो. सर्व्हर लटकला तर तिसऱ्या दिवशी. जगातल्या कुठल्याही कृषी-डेटा कंपनीच्या तोंडाला पाणी सुटेल असा हा लेबलांचा साठा आहे आणि तो शेतकऱ्यांनी फुकटात तयार केलाय. उद्या त्याच्यावर मॉडेल बांधलं गेलं, तर त्या मॉडेलमध्ये काय आहे ते विचारायचा पहिला हक्क कोणाचा?

म्हणून माझं म्हणणं सरळ आहे. उपग्रह वापरा, जरूर वापरा. खाजगी उपग्रह असतील तर त्यांचेही. पण ज्या आकड्यावर भरपाई ठरते तो आकडा मंडळनिहाय, पैसे वाटायच्या आधी, गावात लागला पाहिजे. कोणत्या तारखांची चित्रं घेतली, किती ढगांमुळे टाकली, मॉडेलची कुठली आवृत्ती, हे त्याच्याबरोबर. आणि सातबारा जसा ऑनलाइन निघतो तसा गट नंबर टाकला की त्या हंगामाचा उपग्रहाचा उतारा निघावा, मराठीत. कंपनीचं मॉडेल हे व्यापारी गुपित आहे असं उत्तर तिथे चालता कामा नये. सरकार विकत घेणार असेल तर करारातच लिहून घ्यावं, आणि हे लिहून घ्यायची वेळ ताफा वर जायच्या आधीची आहे. आपल्या धंद्यात रिक्वायरमेंट कधी सांगायची असते? गो-लाइव्हनंतर सांगितली तर ती चेंज रिक्वेस्ट होते आणि तिचं बिल वेगळं येतं :)

हे आत्ताच का, तर २०२५ च्या खरिपापासून आपल्याकडे एक रुपयातला विमा बंद झाला, आणि त्याच वेळी स्थानिक आपत्ती, काढणीपश्चात नुकसान वगैरेची वेगळी भरपाईही काढून टाकली. राहिली ती उत्पादनाच्या आकड्यावरची. पूर्वी एक दार बंद झालं तर दुसरं होतं. धाराशिवचं २०२० च्या सोयाबीनचं प्रकरण आठवत असेल. पंचनामे झालेले होते, पण शेतकऱ्यांनी ७२ तासांत कळवलं नाही म्हणून कंपनीने हात वर केले. ते औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेलं आणि मे २०२२ मध्ये साडेतीन लाखांहून जास्त शेतकऱ्यांना भरपाई द्यायचा आदेश झाला. तिथे कोर्टापुढे ठेवायला कागद होता, तलाठ्याची सही होती. मॉडेलच्या आकड्याविरुद्ध कोर्टात काय ठेवणार?

(त्याच धाराशिवचं नाव नोव्हेंबर २०२५ मध्ये राज्य सरकारने स्टारलिंकशी केलेल्या इरादापत्रात आलं, गडचिरोली, नंदुरबार आणि वाशिमबरोबर. त्याची बातमी पहिल्या पानावर होती. येऊ दे, चांगलंच आहे. रेंज आली तर पीक पाहणी तरी पहिल्या दिवशी होईल.)

यावर एक आक्षेप मला हमखास ऐकवला जातो, आणि ऐकवणारे बहुतेक आपल्यातलेच असतात. "अरे, शेतकऱ्याला ते पिक्सेल न् निर्देशांक काय कळणार? उगाच भांडणं वाढतील." ज्यांना असं वाटतं त्यांनी ऑक्टोबरात एकदा लातूरच्या आडतीवर जावं. सोयाबीनचा भाव ओलाव्यावर ठरतो, हमीभावाच्या खरेदीला १२ टक्क्यांची अट. पाच-सात वर्षांपूर्वी मॉइश्चर मीटर म्हणजे काय हे किती जणांना माहीत होतं? आता माणूस पोतं उतरवायच्या आधी मीटरपाशी जाऊन उभा राहतो, मूठ स्वतः भरतो, आकडा स्वतः बघतो आणि पटला नाही तर दुसऱ्या दुकानातल्या मीटरवर लावून बघतो. २०२४ च्या नोव्हेंबरात केंद्राने ती अट १५ टक्क्यांपर्यंत सैल केली, तेव्हा ती बातमी मला कुठल्या न्यूज अ‍ॅपवरून कळली नाही. काकांचा फोन आला होता.